पुन्हा एकदा भागानगर

श्रोतेहो, प्रवासवर्णन म्हटले म्हणजे दूरच्या, कधी न पाहिलेल्या मुलखाची अपेक्षा केली जाते. आज ज्या शहराविषयी चार शब्द बोलावयाचे मी योजिले आहे, ते तसे नवखे नाही. परभणी जिल्ह्यातील आमच्या ताडकळससारख्या गावाला हैदराबादचे नाव जितके ओळखीचे, तितके मुंबई-पुण्याचे एके काळी नव्हते. आमच्या वाडवडिलांची राजधानी ती, नाणे तिथले हाली, आणि जमिनीच्या कज्ज्याचा शेवटचा निकाल लागावयाचा तोही तिथेच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि ही जुनी राजधानी परराज्यात राहिली. तेव्हापासून सरकारी कामासाठी तिकडे जाणे सुटले; पाहावयास आणि खावयास जाणे तेवढे उरले.

मी प्रथम गेलो तो १९७९ साली, पूर्णा जंक्शनवरून लहान रुळांच्या गाडीने. आता रूळ रुंद झाले आहेत आणि रात्री निजलेला मनुष्य सकाळी तिथे जागा होतो. गेल्या हिवाळ्यात नातवाला बरोबर घेऊन तीन दिवसांसाठी मी पुन्हा जाऊन आलो. पहिल्या भेटीत मनुष्य इमारतींनीच दिपून जातो. दुसऱ्या भेटीत त्या ओळखीच्या झालेल्या असतात, म्हणून नजर आजूबाजूस फिरावयास मोकळी होते. अशा मोकळ्या नजरेस जे दिसले, तेच आज सांगावयाचे आहे.

काचीगुड्याचे स्थानक १९१६ साली बांधलेले. तेथून आम्ही निघालो ते चारमिनाराकडे. मुहंमद कुली कुतुबशहाने १५९१ साली हे शहर वसविले, त्याच वर्षीची ही वास्तू. तिची शोभा पाहावयाची तर दुकाने उघडण्यापूर्वी जावे. एकदा लाड बाजारातील लाखेच्या बांगड्यांची दुकाने उघडली म्हणजे वर पाहावयास कोणास सवड मिळत नाही! शेजारची मक्का मशीद कुतुबशाहीत सुरू झाली आणि पुरी झाली ती कुतुबशाही बुडविणाऱ्या औरंगजेबाच्या हातून. इतिहासाची अशी गंमत पाठ्यपुस्तकापेक्षा जागेवर उभे राहून अधिक चांगली कळते.

तेथील चहाविषयी सांगितलेच पाहिजे. इराणातून आलेल्या मंडळींनी हा चहा रूढ केला. चहाचे पाणी झाकण घट्ट लावून मंद आचेवर बराच वेळ मुरवितात, दूध निराळे आटवितात, आणि दोहोंची गाठ पेल्यातच घालून देतात. सोबत उस्मानिया बिस्किट, किंचित खारट व किंचित गोड. शेवटच्या निजामाचे नाव ज्या अनेक गोष्टींना मिळाले, त्यांपैकी गोरगरिबांच्या हाती रोज पडणारी ही एवढीच म्हणावयाची!

माझ्या गळ्यात माळ आहे, नातवाच्या नाही. म्हणून बिर्याणीची परीक्षा मी त्याच्यावर सोपविली. कच्चे मांस मसाल्यात मुरवून, वर अर्धवट शिजलेला भात पसरून, झाकण कणकेने लिंपून ती मंद विस्तवावर ठेवतात, एवढे मात्र मी आचाऱ्याकडून समजून घेतले. माझ्या ताटात बघारे वांगे आले. पहिला घास घेताच मी थांबलो. तीळ, भाजलेले शेंगदाणे, सुके खोबरे आणि चिंच! हाच मसाला आमच्या घरी भरल्या वांग्यात पिढ्यान् पिढ्या वाटला जातो. तिथल्या तहारीचे नाव तर आमच्याकडच्या चुलीला नवे नाहीच. जेवणानंतर जर्दाळूंचा खुबानी का मीठा व पावाचा डबल का मीठा आला. पावाला तिकडे डबल रोटी म्हणतात, म्हणून हे नाव. २०१९ साली युनेस्कोने या शहराला खाद्यसंस्कृतीचे नगर म्हणून मान दिला. तो मान योग्यच आहे. परंतु त्या संस्कृतीचा एक वाटा आमच्या वाटणाच्या पाट्यावरही तयार झाला आहे, ही गोष्ट मराठवाड्याच्या पाहुण्याने मनात ठेवावी.

दुसरा दिवस गोवळकोंड्याचा. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजविली तर ती वर बालाहिसारात ऐकू येते, हे प्रत्येक वाटाड्या दाखवितो. मी नातवाला निराळेच सांगितले. १६७७ साली दक्षिणेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज भागानगरास आले होते. अबुल हसन कुतुबशहाने त्यांचा सन्मान केला. मादण्णा व आकण्णा हे बंधू तेव्हा त्याचे कारभारी होते. पुढे दहाच वर्षांनी, १६८७ मध्ये, आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर हा किल्ला औरंगजेबाच्या हाती पडला. या शहराशी मराठी माणसाचा संबंध केवळ रयतेचा नव्हता; बरोबरीच्या मित्राचाही होता.

त्या तटावर बसून नातवाने मला विचारले, “आजोबा, हे शहर आपलेच होते, तर दर सतराव्या सप्टेंबरला यातून सुटलो म्हणून आपण झेंडा का लावतो?”

श्रोतेहो, प्रश्न पोराचा असला तरी उत्तर पोरकट देऊन चालणार नव्हते. रझाकारांच्या काळातील हकिगती आमच्या गावोगावी अजून सांगितल्या जातात. त्या विसरा असे मी त्याला कसे सांगावे? आणि या शहरावर राग धर, असे तरी कसे सांगावे? मी म्हणालो, “बाळ, आपण सुटलो ते एका राजवटीतून, शहरातून नव्हे. त्या राजवटीशी हे शहरही झगडत होते.” १९३८ साली वंदे मातरम् म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले, आणि त्यांतील कितीकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थान भारतात विलीन व्हावे असे निर्भयपणे लिहिले, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये याच शहरात त्यांची हत्या झाली. त्यांच्या रक्ताचा धर्म विचारावयाचा की त्यांच्या लेखणीचा? नातू बराच वेळ काही बोलला नाही. मीही अधिक बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सालारजंग संग्रहालय पाहिले. १९५१ साली ते लोकांना खुले झाले. बुरखा घेतलेल्या रिबेकाची संगमरवरी मूर्ती आणि तासातासाला ठोके देणारा घड्याळातील बाहुला यांच्यापुढे आजही गर्दी असते. शुक्रवारी ते बंद असते, हे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे. मुसा नदी ओलांडताना १९०८ च्या महापुराची गोष्ट सांगितली. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून त्या दिवशी सुमारे दीडशे माणसे वाचली. पुढे शहराला असा पूर पुन्हा बाधू नये म्हणून विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव बांधण्यात आले.

उरलेला वेळ मी हट्टाने दोन ठिकाणी खर्च केला. सुलतान बाजार व कोठी हा हैदराबादेतील मराठी वस्तीचा जुना भाग. विवेकवर्धिनी ही शाळा १९०७ पासूनची. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांसारख्यांनी ज्या काळी मराठी शिकविण्यास राजाश्रय नव्हता, त्या काळी विद्येचे हे काम उभे केले. जवळच इसामिया बाजारात १९२२ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तेथून पुढे बेगमपेठेत स्वामी रामानंद तीर्थांच्या समाधीवर आम्ही फुले वाहिली. खाण्याच्या जागांची यादी हाती घेऊन येणारी आमच्याकडील तरुण मंडळी या दोन्ही ठिकाणी क्वचितच येतात. त्यांना दोष देत नाही. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून माझी सूचना एवढीच आहे. हैदराबादेस अवश्य जावे. बिर्याणी खावी, चहा घ्यावा, चारमिनार डोळे भरून पाहावा. आता भुयारासारखी गर्दी टाळून वरून जाणारी मेट्रोही २०१७ पासून सेवेस आहे, त्यामुळे तीन दिवस पुरतात. परंतु त्या तीन दिवसांतील एक दुपार आपल्या माणसांसाठी राखून ठेवावी. ग्रंथसंग्रहालयात जाऊन एखादे पुस्तक चाळावे, तिथल्या मंडळींशी मराठीत दोन शब्द बोलावे. भाषा परक्या मुलखात टिकते ती तिच्या नावाच्या पाटीने नव्हे. दारात येऊन ती बोलणाऱ्या माणसाने टिकते. आपली राजधानी गेली, त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण तिथे राहून ज्यांनी आपली भाषा सांभाळली, त्यांच्या घरचा रस्ता आपल्या नातवंडांना ठाऊक असावा, इतके तर आपल्या हातचे आहे.