जवळचे नाम आणि खरा कर्ता

शालान्त परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या इंग्रजीतील एकाच दोषाविषयी आज बोलणार आहे. 'द लिस्ट ऑफ बुक्स आर लॉस्ट' असे मुलगा लिहितो, शिक्षक तांबड्या शाईने 'आर' खोडून 'इज' करतात आणि पुढच्या ओळीकडे वळतात. चूक का झाली हे मुलाला कोणी सांगत नाही, आणि माझी तक्रार आहे ती येथेच.

चुकीचे मूळ आपल्या मराठीत आहे. 'पुस्तकांची यादी हरवली' असे आपण म्हणतो तेव्हा षष्ठ्यन्त पद आधी येऊन मुख्य नाम क्रियापदाला खेटून बसते. 'पाटी, लेखणी आणि पुस्तक हरवले' येथे तर शेवटच्या नामाचे लिंगवचन घेण्याची मुभाच आहे. म्हणून जवळच्या नामाकडे पाहण्याची वहिवाट मराठीत सहसा दगा देत नाही. इंग्रजीत मात्र 'लिस्ट' आधी आणि 'बुक्स' मागून, असा क्रम उलटतो आणि तीच वहिवाट मुलाला फसवते. लग्नघरी गेलेल्या पाहुण्याने मांडवाच्या दाराशी गुलाबपाणी शिंपडणाऱ्या गृहस्थाच्याच हाती आहेर ठेवावा, तसा हा प्रकार आहे. तो गृहस्थ जवळ आहे, अगत्यशीलही आहे, परंतु यजमान आत बोहल्यापाशी आहेत, आणि मध्ये 'ऑफ', 'विथ', 'अलाँग विथ' यांनी आणलेले कितीही आप्तेष्ट दाटले असले तरी आहेर यजमानांच्याच हाती पडला पाहिजे.

वाक्यातला हा यजमान ओळखायला शिकवते ते वाक्यांचे पृथक्करण; त्यावर पुण्यात गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्या पृथक्करणाकडे आज केवळ गुण मिळवण्याचा प्रश्न म्हणून पाहिले जाते, याचे मला मनस्वी वाईट वाटते. मुलांनो, क्रियापद लिहिण्यापूर्वी उद्देश्याखाली रेघ ओढा, आणि त्यातल्या मुख्य नामाखाली दुसरी! पुन्हा सांगतो, कारण नेमके हेच निसटते: जवळचे नाम पाहू नका, मुख्य नाम पाहा. 'एव्हरी वन ऑफ द बॉईज' यापुढे 'हॅज'च येणार; मुले पन्नास असोत, यजमान 'वन' आहे.

'बाबा आले' या आदरार्थी बहुवचनाच्या सवयीने 'माय फादर हॅव कम' लिहिणाऱ्यांना एवढेच सांगतो की, इंग्रजी क्रियापद वडिलांसाठीही एकवचनीच राहते. 'कमिटी'सारख्या समूहवाचक नामांचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तेथे समूह एक मानावा की त्यातील माणसे निरनिराळी, यावर इंग्रज लेखकही कधी 'इज' तर कधी 'आर' लिहितात. पण वेळ संपल्याची खूण समोरून होत आहे, तेव्हा तो विषय येथेच सोडतो.