जिन्याशी ठेवलेली पाटी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषण मला येत नाही, घरातल्या दोन गोष्टी सांगते आणि खाली बसते. "आता या वयात नवे काम कसले काढायचे?" असे आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, म्हणून सांगाव्याशा वाटल्या. लिज्जत पापडाची गोष्ट अशा दिवशी नेहमी होते. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ती थोरांची गोष्ट. माझी आपली लालबागची.

माझे वडील तिथल्या एका कापडगिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणीकामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख माणसे घरी बसली. संप मागे घेतला असे रीतसर कुणी कधी सांगितलेच नाही. कितीतरी जणांना पुन्हा आत घेतले नाही, त्यांत आमचे बाबा. वय एकेचाळीस. मी तीन वर्षांची होते, तेव्हा हे सारे आईच्या तोंडून ऐकलेले. वर्षभर गावच्या तांदळावर आणि आईच्या बोरमाळेवर निघाले. मग बाबांनी भाजी विकायला घेतली. पहाटे भायखळ्याला माल घ्यायचे आणि पाटी घेऊन थेट घाटकोपरला जाऊन बसायचे. का, तर लालबागला गाववाले बघतील! जाण्यायेण्यात माल सुकायचा, अनोळखी गिऱ्हाईक घासाघीस करून निघून जायचे. शेवटी एक दिवस आईने पाटी उचलली आणि आमच्याच चाळीच्या जिन्याशी ठेवली. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, पण माल संपला. उधारी झाली, तीही ओळखीच्यांचीच, हेही सांगायला हवे. बाबा म्हणत, साच्यावरची नजर भाजीत कामाला आली नाही, पहिल्या पाळीची पहाटेची सवय तेवढी आली. त्या पाटीवर आम्ही तिघे भावंडे वाढलो. शाळा मात्र माझी सुटली, भावांची चालू राहिली. असो.

२०२० च्या टाळेबंदीत यांचा छापखाना बंद पडला तो कायमचा. पुढल्या वर्षी मी पोळ्या करून द्यायला लागले. मी बेचाळीस वर्षांची. आणि मी काय केले असेल? इमारतीत कळू नये म्हणून स्टेशनापलीकडच्या एका दुकानात पोळ्या दिल्या! हे इस्त्रीचे कपडे घालून, डबा पिशवीत लपवून, जसे काही कामावर निघाले आहेत असे जात. दुकानदार पोळी आठ रुपयांना विकायचा, मला पाच द्यायचा. किलोभर कणकेच्या पस्तीस-चाळीस पोळ्या होतात. पीठ-तेल मी हिशेबात धरले होते, गॅस धरला नव्हता, आणि माझी मेहनत तर धरायची असते हेच ठाऊक नव्हते. चार महिन्यांनी यांनी वहीत मांडून दाखवले. रोजच्या ८० पोळ्या, म्हणजे २४० रुपये दुकानदाराच्या गल्ल्यात. ती जिन्याशी ठेवलेली पाटी तेव्हा आठवली. दुसऱ्या दिवशी मीही दारावर पाटी लावली, "पोळ्या मिळतील."

आठवडाभर कुणी फिरकले नाही. पहिली मागणी आपल्या मंडळातूनच आली, पन्नास पोळ्यांची. ते उपकार मी विसरणार नाही. पण एक विनंती करते, रागावू नका. "आपल्यातलीच आहेस, दोन जास्त घाल," असे म्हणू नये. वाण्याला आपण म्हणतो का तसे?

हे आता हिशेब ठेवतात आणि डबा उघडा हातात घेऊन जातात. अजून लग्नपत्रिका आली की आधी शाई कुठे फिकी पडली ते बघतात, मग लग्न कुणाचे ते.

गौरीच्या पुरणपोळ्यांची मागणी आली आहे आणि दोन हात कमी पडत आहेत. कुणाला यायचे असेल तिने सोमवारी दुपारी दोन वाजता घरी यावे. मजुरी किलोवर देईन आणि ती काम सुरू करण्याआधी सांगेन.