आधी गळती शोधा, मग पाणी ओता



मागे आम्ही जीपने महाबळेश्वरच्या बैठकीला निघालो होतो. वाई सोडली की पसरणीचा घाट. पाचगणीपर्यंत सुमारे ६०० मीटरचा चढ. निम्म्या घाटात काटा लालवर गेला. महिनाभर रेडिएटरचं पाणी कमी होत होतं, आम्ही ओतत होतो. गाडीखाली मात्र थेंब नाही!

समोरची काच धूसर झाली. आम्ही ते घाटातलं धुकं समजलो. आतून पुसली तर फडक्याला तेलकट लागलं. एका बाजूला दरी, आणि दिसत काही नाही. गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं नाही. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

डावीकडची पायाखालची चटई ओली होती. एसीच्या पाण्याला ना वास, ना चिकटपणा. हे चिकट, गोडसर वासाचं, म्हणजे कूलंट. डॅशबोर्डमागचा हीटरचा लहान रेडिएटर गळत होता.

इंजिन निवल्यावर हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप सोडवून एकमेकांना जोडले, क्लिपा आवळल्या, पाणी भरलं आणि हळूहळू वर पोचलो. ही सोय तात्पुरती. नंतर हीटरचा रेडिएटर बदलला. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मंनिम्मं भरलं. सांडलेलं कूलंट पुसून घ्या. ते विष आहे, गोड म्हणून जनावर चाटतं.

जीप असो वा ट्रॅक्टर, दुसऱ्यांदा पाणी ओतावं लागलं की गळती शोधा. इंजिनचं हेड वाकलं तर हंगामाची ज्वारी गॅरेजात जाते.