रिफंडचं आमिष आणि फॉर्म सोळा

जून-जुलै आला की नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत पहिली पाळी सुटताना चहाच्या टपरीवर एक विषय हमखास निघतो: "तुझा रिफंड किती आला?" मग कुणीतरी सांगतो, कर कापल्याचा दाखला म्हणून कंपनी देते तो फॉर्म सोळा अमक्याकडे दे, कापलेला सगळा कर परत मिळवून देतो. त्याला फक्त टक्केवारी द्यायची!

गोम इथंच आहे. तो माणूस तुमच्या नावावरच्या आयकर विवरणपत्रात कधीच न दिलेली देणगी, न भरलेलं घरभाडं दाखवतो. वर ई-मेल टाकतो तो स्वतः उघडलेला, तात्पुरता. आयकर खात्याची नोटीस तिथंच येऊन पडते, तुम्हाला पत्ताच नाही. 14 जुलै 2025 रोजी आयकर खात्यानं देशभरात 150 ठिकाणी अशा एजंटांची झाडाझडती घेतली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे आपणहून मागे घेतले होते.

फॉर्म सोळा हातात पडला की आधी भाग अ बघा: तुमचा पॅन, कंपनीचा टॅन म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, कापलेला कर. हाच आकडा आयकर पोर्टलवरच्या 26एएस या तुमच्या कराच्या नोंदीत दिसायला हवा. नसेल तर अकाउंट्समध्ये विचारा. विवरणपत्र दुसऱ्याकडून भरून घेतलंत तरी मोबाइल आणि ई-मेल तुमचाच ठेवा, आणि ओटीपी देण्यापूर्वी काय भरलंय ते वाचा. खोट्या दाव्यावर चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड लागू शकतो. आणि तो भरायचा असतो विवरणपत्र ज्याच्या नावावर आहे, त्यानं.