सल्ला कुणाचा, कमिशन कुणाचं?
(मुलचेरा येथील बैठकीतील भाषण)



बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतो. भाव झाकलेला असतो, पण हा माणूस दलाल आहे हे साऱ्या बाजाराला ठाऊक असतं. मोबाईलवर आलेला नवा दलाल मात्र स्वतःलाच झाकून घेतो. कपाशीच्या धुऱ्यावर उभा राहून तो सांगतो, "हे औषध मारा, बोंडअळी संपली." खाली लिंक देतो. त्या लिंकवरून आपण माल घेतला की त्याच्या खात्यात कमिशन जमा होतं.

कुणी म्हणेल, आपल्याला भाव तोच पडतो, मग आपलं काय गेलं? गेला तो सल्ला. फरदड घेऊ नका, कामगंध सापळे लावून आधी पतंग मोजा, निंबोळी अर्क घरीच करा, सरळ वाणाच्या ज्वारीचं बियाणं घरचंच ठेवा, यात कुणाचं कमिशन आहे? ज्यात कमिशन नाही ते त्याच्या तोंडून निघत नाही. आणि नको असलेल्या फवारणीचा खर्च आपल्या वहीत चढतो. फवारणी हा नुसता पैशाचा प्रश्नही नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही.

कमिशन घेणं हा गुन्हा नाही. मेहनत करील त्यानं कमवावं. ते लपवणं ही लबाडी आहे. कायदाही तेच म्हणतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जून 2022 मध्ये जाहिरातींचे नियम आले, जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारनं ते सोप्या भाषेत मांडले. पैसा, फुकट माल, भेटवस्तू, काहीही मिळालं असेल तर ते ठळक सांगायचं. व्हिडिओत सांगायचं, नुसतं खाली बारीक अक्षरात नाही. ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत खुलासा. म्हणजे मराठीत औषध विकणाऱ्यानं मराठीतच 'ही जाहिरात आहे' म्हटलं पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाईनचा 1915 हा नंबर लिहून घ्या.

पण दिल्लीतला कायदा आपल्या बांधावर राखण करायला येणार नाही. आपणच विचारायचं: यात तुला काय मिळतं? बाटलीवरच्या लेबलात कापूस आणि ती कीड लिहिलेली आहे का? पक्कं बिल मिळेल का?

आणि सुरुवात घरातून करू. आपल्यातलाच कुणी गावाच्या ग्रुपवर लिंक टाकत असेल आणि त्याला त्यातून चार पैसे मिळत असतील, तर त्यानं ते वरच्या ओळीत लिहावं. आम्हालाही हाच नियम. आजच्या बैठकीत एवढा ठराव करू.

बाजार खुला पाहिजे असं आपण म्हणतो. मग बाजारातलं बोलणंही खुलं पाहिजे.