वाकलेली बोटे आणि जिवंत कंडरा

कुष्ठरोगाने हाताची बोटे एकदा आत वळली की तो हात कायमचा गेला, अशी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत केवळ सामान्य जनांचीच नव्हे, तर पुष्कळ डॉक्टरांचीही होती. १९४०नंतर सल्फोन वर्गातील औषधे हाती आली आणि रोगजंतूंना आळा बसू लागला हे खरे. परंतु जंतू नाहीसे झाले तरी वाकलेली बोटे वाकलेलीच राहत, आणि रोगमुक्तीचा दाखला खिशात असलेल्या माणसाला त्या बोटांमुळेच कोणी कामावर घेत नसे.

या समजुतीला प्रथम हादरा दिला तो डॉ. पॉल ब्रँड यांनी. मद्रास इलाख्यातील कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले, वैद्यकाकडे वळण्यापूर्वी इमारतीच्या कामाचे कसब शिकलेले हे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. आणि पुढल्याच वर्षी चिंगलपुटच्या कुष्ठधामात, कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांच्यासमवेत फिरत असता, एका रुग्णाचा वाकडा हात त्यांनी आपल्या हाती घेऊन त्याला तो आवळावयास सांगितला. त्या हाताने त्यांचा हात असा करकचून धरला की ते कळवळले. ज्या हाताला स्पर्श कळत नाही, ज्याची बोटे सरळ होत नाहीत, त्याच्या अंगी एवढे बळ कोठून आले, हा प्रश्न तेथेच उभा राहिला.

ब्रँड यांनी लगोलग शस्त्र हाती घेतले नाही, ही गोष्ट मला त्यांच्या सर्व कार्यात अधिक मोलाची वाटते. रुग्णामागून रुग्ण घेऊन, हाताचा एकेक स्नायू तपासून, कोणता निकामी झाला आणि कोणता शाबूत आहे याची नोंद त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. आणि त्या नोंदींतून असे दिसून आले की हा रोग वाटेल तेथे घाला घालीत नाही. जो मज्जातंतू कोपरापाशी कातडीलगत येतो तो तेथे सुजून निकामी होतो, दुसरा मनगटापाशी; त्यामुळे तळहातातील लहान स्नायू लुळे पडतात, पण त्या स्थानांच्या वर ज्यांना मज्जातंतूंच्या शाखा मिळतात ते बाहूतील मोठे स्नायू बहुधा जसेच्या तसे राहतात. बोटे वळतात ती या असमतोलामुळे : मुळाशी ती मागे ओढली जातात, पेरांशी आत मुडपतात, आणि भाताचा घासही धड उचलता येत नाही.

असा नकाशा हाती आल्यावर उपायाची दिशा आपोआप ठरली. प्रत्येक बोट वाकविण्यास निसर्गाने दोन दोन कंडरा, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचविणाऱ्या दोऱ्या, दिल्या आहेत. त्यांतील एक काढून घेतली तरी दुसरीवर बोटाचे काम भागते. तेव्हा एका बोटाची यांपैकी एक कंडरा सोडवून, तिचे चार पदर करून, ते तळहातातून चारही बोटांच्या कडेला नेऊन जोडावयाचे, म्हणजे पाटाचे पाणी बांध फोडून सुकलेल्या वाफ्याकडे वळवावे तसे बाहूचे बळ लुळ्या बोटांकडे वळते. ही युक्ती मूळची ब्रँड यांची नव्हे; अमेरिकेतील स्टर्लिंग बनेल आदी शल्यविशारदांनी ती मज्जातंतूंना इजा झालेल्या हातांसाठी वापरली होती. कुष्ठरुग्णाच्या हाताला ती लागू पडेल, जखम भरून येईल, याची मात्र कोणी खातरजमा केली नव्हती. ती वेल्लोरला १९४८पासून झाली. पुढे मनगट उचलणाऱ्या स्नायूला रुग्णाच्याच पायातील बारीक कंडरेची जोड देण्याची पद्धतही ब्रँड यांनी बसविली. आपल्याकडे पुण्याजवळ कोंढव्याला डॉ. नोशीर अंतिया यांनी याच दिशेने काम केले.

शस्त्रक्रियेपूर्वी आखडलेले सांधे तेल चोळून व व्यायामाने मोकळे करावे लागतात, आणि प्लास्टर निघाल्यावर रुग्णाला नवे शिक्षण घ्यावे लागते. कारण जो स्नायू जन्मभर एक बोट वाकवीत आला, त्याच्याकडून आता चार बोटे सावरण्याचे काम घ्यावयाचे असते. व्यायामोपचारकाच्या चिकाटीवाचून उत्कृष्ट शस्त्रक्रियाही फुकट जाते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण श्रेयाचा वाटा त्याच्या पदरी क्वचितच पडतो.

सुधारलेल्या हातांना उद्योग मिळावा म्हणून १९५१च्या सुमारास वेल्लोरला ‘नवजीव निलयम’ स्थापन झाले. तेथे सुतारकाम करणाऱ्या मुलांच्या हातांना वारंवार जखमा होऊ लागल्या, तेव्हा प्रत्येक जखमेचे कारण शोधण्याचा नियम ब्रँड यांनी घालून दिला. गंजलेले कुलूप त्यांना स्वतःला उघडेना, ते एका मुलाने किल्ली फिरवून सहज उघडले. पाहतात तो त्याचे बोट हाडापर्यंत कापलेले, आणि मुलाला त्याची दाद नाही! बोटे झडतात ती रोगाने सडून नव्हे, तर वेदना न कळल्याने झालेल्या अशा इजांनी, हे या शोधातून सिद्ध झाले. हत्यारांच्या मुठी बदलल्या, आणि रोज हातपाय डोळ्यांनी तपासण्याचा शिरस्ता पडला. काही बोटे रात्रीतून नाहीशी होत. पहारा केला तेव्हा कळले की झोपेत उंदीर ती कुरतडतात. आणि तेव्हापासून घरी परतणाऱ्या रुग्णाबरोबर एक मांजर देण्याची तजवीज करण्यात आली.