अक्षर आधी पायाला, मग पाटीला



बैठकीत आपण हप्ता, कर्ज, व्याज यावर बोलतो. आज थोडं आपल्या तीन-चार वर्षांच्या लेकरांबद्दल बोलू या.

"अंगणवाडीत नुसतं खेळवतात, लिहायला काही देत नाहीत," अशी तक्रार आपल्यातल्या कितीतरी जणी करतात. मग घरी आपणच लेकराचा हात धरून पाटीवर गिरवून घेतो. ते रडतं, आपण धपाटा घालतो. अशानं अक्षर येत नाही, अक्षराची भीती मात्र बसते.

लहान मुलाला आधी खांदा नीट हलवता येतो, मग कोपर, आणि शेवटी मनगट व बोटं. तीन-चार वर्षांच्या बोटांना पेन्सिल जड जाते. पळणं, उड्या मारणं जमतं. म्हणून पहिलं अक्षर अख्ख्या अंगानं गिरवू द्या.

अंगणात रांगोळीनं खाटेएवढा मोठा 'ग' काढा. लिहायला जिथून सुरुवात करतो, तिथं एक खडा ठेवा. तिथून निघून लेकरानं "ग, ग" म्हणत रेषेवरून चालायचं. दोन दिवसांनी शेजारी 'म' काढा, मग 'न'. तिन्ही ओळखीचे झाले की तुम्ही म्हणा, "गवत!" त्यानं 'ग'वर पळत जायचं. "मका!" म्हटलं की 'म'वर, "नळ!" म्हटलं की 'न'वर. चुकलं तर रागावू नका, पुन्हा म्हणा. दहा मिनिटं पुरेत. कंटाळण्याआधी थांबा.

ज्या ताईंना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनीही मागं राहू नये. "म नं सुरू होणारी वस्तू आण," एवढं म्हणायला अक्षर ओळख लागत नाही. लेकराबरोबर रेषेवरून चाललात, तर तुमचंही अक्षर पक्कं होईल. उद्या गटाच्या वहीतलं आपलं नाव आपणच वाचाल.

हे नवं खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. गाणी, खेळ आणि गावात मिळणाऱ्या वस्तू हीच त्यांची शिकवण्याची साधनं होती.

तेव्हा अंगणवाडीच्या ताईंना "लिहायला का देत नाही?" असं विचारू नका. "आज कोणतं अक्षर खेळलात?" असं विचारा, आणि तेच संध्याकाळी आपल्या अंगणात काढा. गल्लीतल्या पाच जणींनी पाळी लावली, तर एकीवर भार पडणार नाही. खर्च काय, तर मूठभर रांगोळी!